ध्यान, ताण आणि तल्लख डोकं: पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पंधरा-वीस जण ध्यानाला बसतात. फी नाही, गुरू नाही, फोटो-उदबत्तीही नाही. बसणं अर्ध्या तासात आटोपतं, पण नंतर चहाबरोबर प्रश्न सुरू होतात ते आवरत नाहीत. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. मी डॉक्टर नाही. जिथे संशोधन झालंय तिथे त्याचा आधार घेतला आहे, बाकी ठिकाणी माझं मत म्हणून वाचावं.

ध्यान केल्यानं डोकं खरंच तल्लख होतं का?

थोडं होतं, पण जाहिरातीत सांगतात तसं नाही. ध्यानानं बुद्ध्यांक वाढत नाही. आहे ती बुद्धी ऐन कामाच्या वेळी हाताशी राहते, इतकंच.

एका वेळी आपण डोक्यात धरून ठेवू शकतो अशा गोष्टी फार थोड्या असतात, साधारण तीन-चार. हिशेब करताना हातचे, समोरच्याचं बोलणं, पुढे काय म्हणायचं ते, सगळं त्याच जागेत मावायला हवं. तिथे गृहकर्जाच्या हप्त्यानं आणि सकाळी घरात उडालेल्या खटक्यानं आधीच बैठक मारलेली असली, की कामाला जागाच उरत नाही. मग तोच मेल चारदा वाचावा लागतो आणि आपण म्हणतो, "वय झालं आता." बहुतेक वेळा वयाचा त्यात काही दोष नसतो. ध्यानात सराव होतो तो लक्ष निसटलं हे लवकर ओळखण्याचा आणि ते परत आणण्याचा. काळज्या तशाच राहतात, पण त्या सगळी जागा अडवून बसत नाहीत.

आता पुराव्याचं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यानावरच्या ४७ चाचण्या एकत्र तपासल्या. सहभागी होते ३,५१५. चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांवर ध्यानाचा थोडा ते मध्यम उपयोग दिसला. एकाग्रता आणि झोप यांबद्दल मात्र ठाम काही म्हणावं इतका पुरावा तेव्हा मिळाला नाही. व्यायाम किंवा औषधं यांपेक्षा ध्यान सरस आहे, असंही आढळलं नाही. एकाग्रतेबद्दलचे काही चांगले अभ्यास वेगळे झाले आहेत, त्यातले दोन पुढे येतील. तरी "फक्त डोकं तल्लख करायचंय" म्हणून कुणी आलं, तर मी सांगतो की ताण उतरवायला बसा. तल्लखपणा यायचा असेल तर तो त्याच्या मागोमाग येतो, बहुतेकांचा अनुभव तरी असाच आहे.

ताण कमी होतो म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

धोका वाटला की मेंदूतून निरोप निघतो, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन मंदावतं. समोर बिबट्या असेल तर ही व्यवस्था उत्तम. पण साहेबांचा "जरा बोलायचं होतं" एवढा मेसेज आला तरी शरीर हेच करतं. बिबट्या दहा मिनिटांत निघून जातो, साहेब जात नाहीत. यंत्रणा दिवसभर चालू राहते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते, पित्त उसळतं, पोरांवर आवाज चढतो.

ही यंत्रणा हुकमानं बंद करता येत नाही, कारण हृदयाचे ठोके किंवा ग्रंथी आपलं ऐकत नाहीत. श्वास मात्र अर्धा आपोआप चालतो आणि अर्धा आपल्या हातात असतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित कमी होते. उच्छ्वास लांबवला की मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू जास्त काम करू लागतो आणि शरीर "धोका टळला" या बाजूला झुकतं. मोठी माणसं बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतात. हा वेग सहाच्या आसपास आला की हा परिणाम सगळ्यात ठळक दिसतो.

हे मोजून पाहण्याची परंपरा आपल्या शेजारचीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं, ते योगक्रिया करताना शरीरात काय घडतं हे उपकरणं लावून तपासायला. शंभर वर्षं झाली त्याला.

श्वासाचा परिणाम लगेच जाणवतो, पण टिकत नाही. टिकणारा बदल नियमित बसण्यानं येतो आणि तो मनाच्या सवयीतला असतो. राग यायचा तेव्हा येतोच, पण तो आलाय हे तोंड उघडण्याआधी कळायला लागतं.

माझं मन एक मिनिटही थांबत नाही. मला ध्यान जमणार नाही ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मन थांबणं ही ध्यानाची अट नाही. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २०१० मध्ये सव्वादोन हजार लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे? ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. शिवाय मन भरकटलेलं असताना लोक कमी आनंदी होते, आवडत्या कामाच्या वेळीसुद्धा. मग डोळे मिटल्यावर ते एकदम शहाण्यासारखं का बसेल?

मन वाऱ्यासारखं आवरायला कठीण आहे, ही तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानंच केली आहे. त्यावर कृष्ण त्याला "तुझं चुकतंय" म्हणत नाही. कठीण आहे खरं, अभ्यासानं आणि वैराग्यानं जमतं, एवढंच सांगतो. वैराग्याचं राहू द्या, आपण अभ्यासाचं पाहू.

दहा मिनिटांत मन चाळीस वेळा पळालं आणि चाळीस वेळा तुम्ही ते परत आणलंत, तर चाळीस वेळा सराव झाला. ज्या दिवशी मन शांत असतं त्या दिवशी बरं वाटतं, पण सराव कमीच होतो.

नक्की करायचं काय? एकदा सोप्या भाषेत सांगा.

मोबाइलवर बारा मिनिटांचा गजर लावा आणि तो हाताच्या अंतरावर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पाठ ताठ, खांदे सैल, हात मांडीवर. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवून जमिनीकडे पाहा. पहिले चार-पाच श्वास सावकाश, सोडताना जरा जास्त वेळ घेऊन. त्यानंतर श्वासाला त्याच्या चालीनं जाऊ द्या. तो नाकपुड्यांच्या टोकाशी कुठे लागतो, जाताना गार वाटतो का, बाहेर येताना कोमट वाटतो का, तेवढं पाहत राहा.

विचार येईल. आला की मनात "विचार" म्हणा आणि पुन्हा श्वासाकडे या. स्वतःवर चिडू नका, चिडलात तर तोही एक विचार, त्यालाही तेच उत्तर. फारच गोंधळ वाटला तर प्रत्येक उच्छ्वासाला एक अंक मोजा, दहापर्यंत जा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. सत्ताविसावर पोचलात तर ओळखा, आपण तिथे नव्हतोच.

गजर झाल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका. अर्धं मिनिट तसेच बसा. हे अर्धं मिनिट बारा मिनिटांपेक्षा अवघड जातं, करून पाहा.

रोज किती वेळ बसावं? फरक कधी कळेल?

२०१९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या प्रश्नाला जवळचा आहे. आधी कधीच ध्यान न केलेल्या लोकांना रोज १३ मिनिटं ध्यान दिलं, दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ पॉडकास्ट ऐकवला. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. आठ आठवड्यांनी ध्यानाच्या गटाची मनःस्थिती, एकाग्रता आणि स्मरणशक्ती यांत सुधारणा दिसली.

त्यामुळे महिन्याभरात "काही होत नाहीये" म्हणून सोडणारे लोक नेमके चुकीच्या जागी सोडतात. दोन महिने रोज दहा-पंधरा मिनिटं बसा, मग ठरवा. रविवारी दीड तास आणि सोमवार ते शनिवार शून्य, याचा उपयोग कमी.

सदाशिव पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. अभ्यास सोडून पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायला परवडेल का?

मित्रा, अभ्यासिकेत बारा तासांची खुर्ची अडवून त्यातले किती तास खरे पुस्तकात जातात, हे तूच सांग. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना दोन आठवडे ध्यानाचा वर्ग, निम्म्यांना आहारशास्त्राचा. ध्यानाच्या गटाचे प्रवेशपरीक्षेतल्या उताऱ्यांच्या प्रश्नांचे गुण वाढले, डोक्यात माहिती धरून ठेवण्याची क्षमता सुधारली आणि वाचताना मन भरकटणं कमी झालं. ज्यांचं मन मुळात जास्त भरकटायचं, त्यांना फायदा जास्त झाला. गट लहान होता, त्यामुळे यावर निकालाची पैज लावू नकोस. पण सी-सॅटचे उतारे सोडवताना तिसऱ्या ओळीला पहिली ओळ विसरणाऱ्यांना पंधरा मिनिटं परवडतात, असं मी म्हणेन.

खरा उपयोग अभ्यासापेक्षा परीक्षेच्या हॉलमध्ये आहे. पहिले पाच प्रश्न अडले की छाती धडधडते आणि सहावा येत असलेलाही चुकतो. तिथे तीन लांब उच्छ्वास सोडायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. सवय आधीची असेल तरच ते त्या क्षणी सुचतं. आणि रात्री दोनपर्यंत जागून पहाटे ध्यान करत असशील तर ध्यान सोड आणि झोप. झोपेची भरपाई ध्यानानं होत नाही.

हिंजवडीत नोकरी आहे. कंपनीनं "माइंडफुलनेस"चं सत्र ठेवलंय. जावं का?

जा, चहा-बिस्किटं तरी मिळतील. ही सत्रं बहुतेक ज्या अभ्यासक्रमावरून येतात, तो जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यानं त्रासलेल्या रुग्णांसाठी सुरू केला. त्यात बौद्ध ध्यान आहे, हठयोगही आहे. म्हणजे माल इथलाच, फिरून परत आलेला. मूळ अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि घरी रोजचा सराव त्याचा गाभा आहे. कंपनीत तो एका दुपारचा होतो, तेव्हा उरते फक्त तोंडओळख.

माझं मत विचाराल तर, माणसाला रात्री अकराच्या कॉलवर बसवायचं आणि शुक्रवारी श्वास घ्यायला शिकवायचं, हा व्यवहार मला पटत नाही. कामाचा बोजाच अशक्य असेल तर त्याबद्दल बोलायला हवं. तोवर कंपनीच्या बसमध्ये वाकड पुलाखालच्या कोंडीत बसल्या बसल्या बारा मिनिटं आरामात होतात. दुचाकीवर असाल तर डोळे उघडे ठेवा आणि रस्त्याकडे लक्ष द्या, तेवढं पुरे.

मांडी घालून बसता येत नाही. गुडघे दुखतात.

खुर्चीवर बसा. पाय जमिनीला टेकलेले आणि पाठ शक्यतो आधाराशिवाय. अय्यंगार गुरुजींनी याच शहरात खुर्च्या, पट्टे, लोड आणि लाकडी ठोकळे वापरून हजारोंना योग शिकवला. आपण खुर्चीची लाज का बाळगायची?

जप केला तर चालेल का? आम्ही लहानपणापासून माळच ओढतो.

चालेल काय, काकू, धावेल. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा "ॐ मणि पद्मे हुम्" हा मंत्र. दोन्ही वेळा श्वासाचा वेग आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. वर शरीराच्या उत्तरात सांगितलेला आकडा तोच. नामस्मरणाचा हेतू ताण घालवणं हा नाही, हे मान्य. पण संथ लयीत नाम घेणाऱ्याला हा लाभ न मागता मिळतो. संथ मात्र हवं. मालिका पाहता पाहता सरकवलेल्या मण्यांबद्दल संशोधन झालेलं नाही.

घरात शांतता कुठे असते? वन बीएचके, सासूबाई, दोन मुलं आणि खाली रस्ता.

निःशब्द जागेची वाट पाहिलीत तर पुण्यात तो मुहूर्त यायचा नाही, आणि भाद्रपदात तर नाहीच. आवाजालाच विषय करा. श्वासाऐवजी आवाज ऐका: कुकरची शिट्टी, रिक्षा, वरच्या मजल्यावरचं ड्रिल. "कुणी लावलंय हे" असा विचार आला की तो बाजूला ठेवून पुन्हा नुसता आवाज ऐका. चिडचिड आवाजापेक्षा त्या शेऱ्यानं होते, हे दोन-चार दिवसांत लक्षात येतं.

घरच्यांना मात्र सांगून बसा. न सांगता डोळे मिटले की घरात कुणीतरी हमखास विचारतं, "बरं नाही का?"

टेकडीवर रोज जातो. ते ध्यानात धरायचं का?

वेताळ टेकडी असो, तळजाई असो की पर्वती, व्यायाम म्हणून नक्कीच धरा. ताणावर चालण्याचा गुण ध्यानापेक्षा कमी नाही. चार जणांनी राजकारणावर तावातावानं बोलत चढलात तर ते ध्यान नव्हे, ती सभा. शेवटची दहा मिनिटं गप्प राहून पावलांकडे लक्ष दिलंत तर चालता चालता दोन्ही होईल.

दहा दिवसांची विपश्यना करावी का?

सुरुवात म्हणून मी सुचवत नाही, पण तीन-चार महिने घरी बसणं जमलं असेल आणि तब्येत ठीक असेल तर विचार जरूर करा. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेची दोन केंद्रं पुण्याच्या हाताशी आहेत. एक स्वारगेटजवळ दादावाडीला, नेहरू स्टेडियमसमोर, आणि दुसरं आळंदीजवळ मरकळला. इगतपुरीचं धम्मगिरी सगळ्यांना माहीत आहेच.

तयारीनं जा. पहाटे चारला घंटा होते, दिवसभरात दहाएक तास बसणं असतं, फोन जमा करावा लागतो आणि कुणाशी बोलायचं नसतं, खाणाखुणासुद्धा नाहीत. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना तटस्थपणे पाहणं, शिकवतात. नव्या साधकांना संध्याकाळी फळं आणि चहा मिळतो, त्यानंतर जेवण नाही. राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाहीत, शिबिर पुरं झाल्यावर इच्छा असेल तर दान द्यायचं. दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी पळून जावंसं वाटतं, असं जाऊन आलेले बरेच जण सांगतात. अर्जात मानसिक आजाराबद्दल प्रश्न असतात, तिथे काही लपवू नका.

ध्यानानं मेंदू वाढतो असं वाचलंय. खरं आहे?

२०११ मध्ये बॉस्टनच्या एका अभ्यासात आठ आठवड्यांच्या सरावानंतर स्मरणशक्तीशी संबंधित भागात करडा द्रव्यभाग (जिथे मेंदूपेशी दाटलेल्या असतात तो) वाढलेला दिसला. ध्यान केलेल्या गटात माणसं होती १६. बातमी जगभर गेली. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त लोकांवर तसंच तपासलं, तेव्हा असा काही बदल सापडला नाही. ही दुसरी बातमी फॉरवर्ड होऊन तुमच्यापर्यंत आली का? माझ्याकडेही नाही आली.

ध्यानाचा त्रास होऊ शकतो का? आणि औषधं बंद करता येतील का?

दुसऱ्याचं उत्तर आधी: स्वतःच्या मनानं मुळीच नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी काहींना आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम आणि काहींना एस्सिटालोप्राम हे औषध दिलं, तेव्हा दोघांचा गुण जवळपास सारखा आला. पण तिथे शिकवणारे प्रशिक्षित होते, रोज पाऊण तासाचा सराव होता आणि रुग्णांवर लक्ष होतं. गोळी सुरू असेल तर ती चालू ठेवून ध्यान करा, आणि कमी करायचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांवर सोडा. काही गोळ्या एकदम थांबवल्या की वेगळाच त्रास सुरू होतो.

त्रासाबद्दल: होतो, काहींना. २०२० मध्ये ८३ अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे आठ टक्के लोकांना अप्रिय अनुभव आल्याचं दिसलं, मुख्यतः चिंता आणि उदासी. डोळे मिटल्यावर जुना प्रसंग अंगावर येत असेल, धडधड वाढत असेल, आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटत असेल, तर नेटानं बसत राहू नका. डोळे उघडा, उठा, पाणी प्या, कुणाशी तरी बोला. पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टरांकडे जा. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबच्या शिबिराला जाऊच नये. रात्री-अपरात्री मन फारच बिघडलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

शाळेत मुलांना ध्यान सक्तीचं करावं का?

ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर हा प्रयोग झाला, निकाल २०२२ मध्ये आला. शाळेतून शिकवलेल्या ध्यानानं मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही जास्त फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. आई-वडील रोज बसताना दिसले तर मूल कधीतरी शेजारी येऊन बसेल, दोन मिनिटांत पळूनही जाईल. पळू द्यावं.

बसलं की झोप येते. काय करू?

जेवणानंतर बसू नका. डोळे अर्धे उघडे ठेवा, तरीही पेंग आली तर उभं राहून करा. आणि दुपारी एक ते चार या वेळेत कुणी ध्यान करत असेल, तर त्याला पुण्यात दुसरं नाव आहे.